केसरअक्काकडची तिसरी भेट

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी येते ती वाद घालायला. कोणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली "दादा, हेडलाइट तपासून घ्या" अशी कमेंट टाकणारी ती मीच. आमचं घर बौद्ध. नवस नाही, उतारा नाही, अंगात येणं तर नाहीच. लिंबू-मिरची आमच्याकडे फक्त लोणच्यात. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःलाच कसंतरी होतंय. पण झालं ते झालं, आणि मला कोणाला काही पटवून द्यायचं नाहीये. नुसतं सांगायचंय.

मी तेव्हा जळगावला एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. राहायला मेहरूणला, आईवडिलांजवळ. आई अंगणवाडी सेविका, वडील एसटीत. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक लघुप्रबंध करावा लागतो. माझा विषय होता, खेड्यात एकट्या राहणाऱ्या बायकांना आजारपणात आधार कोणाचा असतो. गाव धरणगावच्या अलीकडचं, कापसाचं. बसने जायचं आणि फाट्यावर उतरून आत चालत जायचं.

आमच्या गाईड मॅडम म्हणजे कडक काम. कधीकाळी कुठल्याशा बॅचच्या मुलांनी बसस्टँडवर चहा पीत पीत सगळ्या मुलाखती स्वतःच भरून टाकल्या होत्या म्हणे. तेव्हापासून मॅडम स्वतः गावात जाऊन पडताळणी करत. मुलगी खरंच आली होती का, काय विचारलं, किती वेळ बसली. त्यांचे नियमही पक्के. एकट्या बायकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिच्याकडेच जायचं. कुलूप दिसलं म्हणून शेजारणीला गाठून काम भागवायचं नाही. तीनदा जायचं, आणि तरीही भेट झाली नाही तर तसं सरळ लिहायचं.

अजून एक गोष्ट त्यांनी आमच्याकडून घोटून घेतली होती. समोरच्याने उत्तर दिलं की ते आपल्या तोंडाने परत म्हणायचं. "म्हणजे तुम्ही म्हणता की…" असं. समोरचा हो म्हणाला की मगच लिहायचं. मला ती सवय इतकी लागली की घरीही तेच सुरू. आई म्हणाली भाजीत मीठ कमी आहे, की मी म्हणणार, "म्हणजे तुला मीठ कमी वाटतंय." आई वैतागायची. "अगं बाई, मी तुझी आई आहे, तुझ्या प्रबंधातली बाई नाही," असं म्हणायची आणि मग स्वतःच हसत सुटायची.

मुलाखती छान झाल्या. शेवटी राहिली एकच बाई, केसरअक्का. गावाच्या टोकाला, शेताकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं घर. पत्र्याचं छप्पर, पुढे सारवलेला ओटा. दिवस कापूस वेचणीचे, त्यामुळे मी दोनदा गेले तर दोन्ही वेळा कडीला कुलूप. बाई कशी दिसते हेही मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा जायचं ठरवलं आणि मला टायफॉइड झाला.

साधासुधा नाही, चांगलाच. मेहरूणजवळच्याच एका दवाखान्यात ॲडमिट केलं. आठवडाभर सलाइन. त्यातले मधले दिवस मला आठवतच नाहीत. ताप चढला की मी बरळायचे म्हणे. आई रजा टाकून सोबत होती, पप्पा ड्युटी करून डबा आणायचे. घरी आले तेव्हा अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं आणि प्रबंध जमा करायची तारीख डोक्यावर. मग मी केसरअक्काच्या नावापुढे खरं तेच लिहिलं, दोनदा गेले, तिसऱ्यांदा आजारपणामुळे जाता आलं नाही, संपर्क झाला नाही. तसाच मसुदा मॅडमना दिला.

मॅडम पडताळणीला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, कुठेतरी टक्केवारी चुकली.

"प्रज्ञा," त्या म्हणाल्या, "केसरअक्काकडे कोणाला पाठवलंस?"

मी म्हटलं, कोणालाच नाही. त्या म्हणाल्या, तिच्याकडे एक मुलगी येऊन सगळे प्रश्न विचारून गेली आहे. आपलेच प्रश्न, आपल्याच क्रमाने. मॅडमचा हिशेब साफ होता. मी आजारी पडले म्हणून एखाद्या मैत्रिणीला पाठवलं, तिने नीट काम केलं नाही किंवा कागद हरवले, म्हणून मी "संपर्क नाही" असं लिहून हात झटकले. दुसऱ्याकडून मुलाखत करून घेणं म्हणजे त्यांच्या लेखी चहाच्या टपरीवर बसून भरण्याइतकंच वाईट. खरं सांगितल्याशिवाय सही मिळणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सही नाही म्हणजे तोंडी परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला राग. आयुष्यात पहिल्यांदा एवढं प्रामाणिकपणे काही लिहिलं आणि त्याचीच शिक्षा! मी दवाखान्याची फाइल आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्या म्हणाल्या, तू ॲडमिट होतीस हे मला मान्यच आहे, म्हणून तर विचारतेय कोणाला पाठवलंस. शेवटी मीच म्हटलं, मॅडम, माझ्यासोबत चला. तिच्यासमोर उभी राहते. तीच सांगेल की ती मी नव्हे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी बसने गेलो. मॅडम खिडकीशी, मी शेजारी. केसरअक्का त्या दिवशी ओट्यावरच बसलेली होती. साठीच्या आसपासची, सडपातळ, डोक्यावर पदर. मॅडमनी नमस्कार केला आणि विचारलं, त्या दिवशी कोण आलं होतं, जरा ओळखून सांगता का?

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"हाईच पोर शे ना," ती म्हणाली. हीच पोरगी.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्काला म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कोणाला पाहिलं असेल. मी तर आज पहिल्यांदाच तुम्हाला बघतेय. ती ऐकेचना. सांगायला लागली. बाजाराचा दिवस होता, मी ॲडमिट होते त्याच आठवड्यातला गुरुवार. गाव सगळं बाजाराला नाहीतर शेतात. अक्काला सकाळपासून ताप, म्हणून वेचणीला गेली नव्हती, आत पडून होती. दुपारी ही पोरगी दारातून आत आली आणि जवळ बसली. चष्मा हाच, आवाज हाच. डाव्या हाताला पांढरी पट्टी चिकटवलेली. सगळं मायेने विचारलं, घाई केली नाही.

"पायमा चप्पल नही व्हती," अक्का म्हणाली. "पानी दिधं, ते बी पिनी नही."

माझ्या डाव्या हातावर सलाइनच्या सुईचा डाग तेव्हाही होता, हिरवट पडलेला. मॅडमनी तो पाहिला. मी हात ओढणीखाली घेतला. का घेतला, माहीत नाही.

मॅडम मात्र मॅडमच. त्यांनी पर्समधून कोरी प्रश्नावली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, घे मुलाखत, आत्ता, माझ्यासमोर. अक्का कुरकुरली, पुन्हा सगळं कशाला म्हणून. पण बसली. मी विचारत गेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही, दीर-जावा गावातच पण बोलणं नाही. मग तो प्रश्न आला, दुखलं-खुपलं तर कोणाला सांगता?

"कोनले सांगू?" ती म्हणाली. "चुल्हाले सांगस."

चुलीला सांगते. सकाळी चूल पेटवताना म्हणे रोज सांगते, आज गुडघा दुखतोय, आज डोकं जड आहे. सवयीने मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही चुलीला सांगता." ती हसली. म्हणाली, त्या दिवशीही तू अस्संच म्हणालीस.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखाच असायचा, तुम्हाला मला काही विचारायचंय का? कोणी कधी काही विचारत नाही. अक्का म्हणाली, ते तर माझं तेव्हाच विचारून झालं.

"मी इचारं, परत येशी का? तू हा म्हननी," ती म्हणाली. "आनि उनी बी."

आली पण. असं म्हणून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आता तरी पी, म्हणाली. मी प्याले.

फाट्यावर बसची वाट बघताना मॅडम पहिल्यांदा नीट बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की बाईला ताप होता. मी आधी मुलाखतींसाठी गावात येऊन गेले होते, तिने मला कुठेतरी बोळात पाहिलं असणार. शेजारणींनी प्रश्न सांगितले असणार. तापात तिला माझा भास झाला. मी म्हटलं, आणि पट्टी? त्या म्हणाल्या, योगायोग. मला ते पटलं. खरंच पटलं, कारण मलाही तेच हवं होतं. सही करते म्हणाल्या. मी विचारलं, मॅडम, मग प्रबंधातल्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात काय लिहू?

"तिसऱ्या भेटीत संपर्क झाला, असं लिही," त्या म्हणाल्या. "तुझी तरी ही तिसरीच ना?"

मी म्हटलं, हो मॅडम, माझी तरी तिसरीच.

घरी आले तर आई भाकरी थापत होती. मी हात-पाय धुऊन तिच्याजवळ बसले आणि मोठ्या उत्साहात सांगितलं, सही मिळाली, आणि गंमत म्हणजे ती बाई म्हणते मी आधीच येऊन गेले होते, मी दवाखान्यात होते त्या आठवड्यात! मी हसत होते. आई हसली नाही. तिने तव्याखालचा गॅस बंद केला.

"दुखलं तर कोणाला सांगते म्हणाली ती?" आईने विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "चुलीला?"

मी हे तिला सांगितलेलं नव्हतं. चुलीचा विषयच काढला नव्हता.

मग आईने सांगितलं. गुरुवारी दुपारी माझा ताप खूप चढला होता. पप्पा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलेले. मी डोळे मिटून प्रश्न विचारत होते. एक प्रश्न विचारायचे, थांबायचे, मान हलवायचे आणि मग "म्हणजे तुम्ही म्हणता की" करून उत्तर परत म्हणायचे. आईला वाटलं, पोरगी बरळतेय, अभ्यासाचं खूळ डोक्यात गेलंय. "म्हणजे तुम्ही चुलीला सांगता" हे तिला लक्षात राहिलं, कारण तिला ते ऐकून वाईट वाटलं होतं. आणि सगळ्यात शेवटी मी म्हणाले, हो अक्का, येईन, नक्की येईन. तेवढं बोलून एकदम गप्प झाले.

"मला वाटलं, कोणीतरी तुला बोलावतंय आणि तू हो म्हणालीस," आई म्हणाली. "मी तुझे दोन्ही पाय धरून बसले. सिस्टर आली तरी सोडले नाहीत."

माझी आई आयुष्यभर लोकांना सांगत आली की असलं काही नसतं, आधी डॉक्टरकडे जा. तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, पप्पांनासुद्धा. लाज वाटत होती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिले. अक्काने मला अनवाणी पाहिलं होतं हे सांगितल्यावर ती म्हणाली, तुझ्या चपला पूर्ण वेळ माझ्या समोर, खाटेखालीच होत्या.

मॅडमना मी हे कधी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या असत्या, आईची आठवण हा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि ते बरोबरच आहे. मला कोणी विचारलं तर मीही हेच सांगेन. तापात माणूस काहीही बोलतं. दोन तापलेली माणसं एकाच दुपारी एकमेकांशी बोलली, याला माझ्याकडे शब्द नाही. तुमच्यापैकी कोणी आता "चष्म्याचा नंबर तपासा" अशी कमेंट टाकणार असाल तर टाका, मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं.

आता मी धुळ्याला एका दवाखान्यात समुपदेशक आहे. घरी जळगावला जाताना सवडीने अक्काकडे उतरते, कधी जळगावहून आईलाही सोबत नेते. अक्का आधी माझ्या पायांकडे बघते. चपला दिसल्या की मग म्हणते, "ये, बस."