कानावरचा रुमाल

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डातल्या मावशी माझ्या कुठल्याच यादीत नीट बसत नाहीत. मी इथली इन्चार्ज सिस्टर. ड्युट्या, चादरी, औषधं, सगळं लिहून ठेवते. मावशींना चादरी बदलायला सांगावं, तर त्या कुणाच्या तरी खाटेशी उभ्या असतात. बोलणं तेवढंच, "पॅड दाखव बाई. लाजू नगंस."

गेल्या आठवड्यात माण तालुक्यातली एक मुलगी आली. पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलेलं, नवरा मुंबईला, सोबत सासू. आजूबाजूच्या खाटांवर बाळं रडत होती. रक्त जाणं वाढलंय, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मावशींनी पांघरूण उचलून पाहिलं आणि मला हाक मारली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, वेळेत सगळं निभावलं.

दुपारी मावशींनी पिशवीतून सुती रुमाल काढला आणि बाळंतिणीला बांधतात तसा तिच्या कानांवरून घट्ट बांधला.

सासू म्हणाली, "आवं, ही कुठं बाळंतीण हाय?"

"मग कोण हाय?" मावशी म्हणाल्या. "लय रगत गेलंय तिचं. वारं लागंल."

मुलगी तेव्हा पहिल्यांदा रडली. मी तिच्या नावापुढं 'रक्तस्राव थांबला' असं लिहिलं आणि उगाच तिथं उभी राहिले.

माझं मूल असंच गेलं, तेव्हा पाचव्या दिवशी मी उघड्या कानांनी ड्युटीवर हजर झाले होते. मावशी तेव्हा या वॉर्डात नव्हत्या.