काकू एकदाच सांगायच्या

आमच्या जिनिंगमधल्या काकूंना एकच गोष्ट दोनदा सांगायला लावली की त्यांचं टाळकं सरकायचं. चहा मागवतानासुद्धा त्या "बिनसाखरेचा" हा शब्द एकदाच उच्चारायच्या. चहावाल्यानं "काय म्हनलं?" असं विचारलं की त्या दिवशीचा चहाच रद्द. आणि नशिबाची गंमत बघा, अशा बाईच्या वाट्याला नोकरी आली होती ती दिवसभर फोनवर एकच उत्तर देण्याची.

मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून आमची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगाम सुरू झाला की सकाळपासून शेतकऱ्यांचे फोन. भाव काय, गाडी आणू का, काटा किती वाजेपर्यंत चालू आहे. मी त्या काट्यावर बसायचो, म्हणजे भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन करायचो. माझी केबिन आणि काकूंचं टेबल यांच्यामध्ये एक खिडकी होती आणि तिला काच नव्हती. त्यामुळे काकूंचं सगळं बोलणं मला ऐकावंच लागायचं. खोटं कशाला सांगू, ऐकायला मजाही यायची. "भाव सांगतला ना तुमाले? मंग लक्ष कुठी होतं? म्हशीकडे?" असं म्हणून फोन ठेवायच्या. समोरचा बिचारा पुन्हा फोन लावायचा आणि पुन्हा बोलणी खायचा.

काकूंचा नवरा लवकर गेला. आधी त्या आमच्याच आवारात कापसातला कचरा वेचायला यायच्या. एकदा एका ट्रकवाल्यानं बायांच्या पाठीला घासून जाईल अशी गाडी मागे घेतली, तेव्हा काकूंनी त्याला जे काही सुनावलं ते मोठ्या शेठनी वरच्या गॅलरीतून ऐकलं. "ह्या बाईले फोनवर बसवा," शेठ म्हणाले, "फोन नसला तरी आवाज नांदुऱ्यापर्यंत जाईन." तेव्हापासून ते टेबल काकूंचं. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं विणलेलं रुमालाएवढं कापड अंथरलं होतं आणि त्यावर कोणी हिशेबाचे कागद ठेवले तर त्या ते सरळ खाली ठेवायच्या.

त्यांची एक खासियत सांगितली पाहिजे. फोनवरच्या बोलण्यावरून त्यांना कापसाचा ओलावा कळायचा. "कापूस एकदम वाळेल हाये बाई," असं म्हणताना शेतकरी किंचित जरी अडखळला की काकू म्हणायच्या, "आज सकाळीच वेचला ना? दव हाये त्याच्यावर. दोन दिवस ऊन दाखवा, मंग आना." समोरचा गार. "तुमाले कसं समजलं?" पण ते सांगायच्या आत फोन ठेवलेला असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "इतकी वर्सं कापसात बसली मी गजू. माणूस खोटं बोलते, पन दम खाऊन बोलते."

मोठे शेठ थकले आणि छोटे शेठ पुण्याहून शिकून आले. माणूस चांगला, पण डोक्यात सारखं काहीतरी नवं. त्यांनी अकोल्याहून एका सरांना बोलावलं आणि जाहीर केलं, की रोज तेच ते काम आपोआप कसं करून घ्यायचं ते सगळ्यांनी शिकायचं; जो शिकून काही करून दाखवेल त्याचा कंपनी मान करेल. आमच्यात कुजबुज सुरू झाली. काम आपोआप झालं तर आपण कुठे जायचं? हिशेब बघणाऱ्या मुनीमजींना त्याच दिवशी चक्कर आली आणि ते घरी गेले. बाकीचे मागच्या रांगेत खाली मान घालून बसले, त्यात मीही होतो. काकू मात्र पहिल्या रांगेत.

"तुम्ही रोज पुन्हा पुन्हा करता असं एखादं काम सांगा," सर म्हणाले.

"सर, मी त पुन्हा पुन्हाच करते," काकू उसळून म्हणाल्या, "दुसरं काय करते?"

त्या अशा काही शिकल्या की विचारू नका. सरांना एखादी गोष्ट इतरांसाठी परत सांगावी लागली की सरांच्या आधी काकूच मागे वळून ओरडायच्या, "झोपले होते का बे?" पंधरवड्यात त्यांनी ठरवलं, की फोन लागला की आधी आपला आवाज बोलला पाहिजे; कोणाला काय हवं त्यानं बटण दाबावं आणि ऐकून घ्यावं. आवाज रेकॉर्ड करायचा तर आवारात मशीनचा घडघडाट. मग त्या गोदामात गेल्या आणि कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत बसल्या. कापूस आवाज पिऊन टाकतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बाहेर आल्या तेव्हा केसांना, भुवयांना सगळीकडे कापूस चिकटलेला. "पाह्य, म्हातारी झाली मी," म्हणून स्वतःच हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला फोन लागला आणि आम्ही सगळे कान लावून उभे. काकूंचा आवाज आला: "नमस्कार. भाव ऐकाचा असन त एक दाबा. गाडी कधी आनाची ते पाह्यजे असन त दोन दाबा. कापूस ओला असन त काहीच दाबू नका, घरी वाळवा. अन् भांडाचं असन त तीन दाबा, मी बसलीच हाये."

छोटे शेठ हसून हसून खुर्चीतून घसरायचे बाकी होते. "यातला एक शब्द बदलायचा नाही," म्हणाले. रोज सकाळी काकू त्या दिवसाचा भाव एकदा बोलून ठेवायच्या की झालं. सुरुवातीला काही लोक रेकॉर्डिंगशीच वाद घालायचे. एकजण तर तक्रार घेऊन शेठकडे आला, "बाई आमचं ऐकतच नाही, आपलंच बोलत राह्यते." "ते तर आधीपासून आहे," शेठ म्हणाले. पण आठ दिवसांत गेटसमोरची गर्दी कमी झाली. लोक विचारून यायला लागले, ओला कापूस परत न्यायचा हेलपाटा वाचला.

आणि काकूंचं टेबल शांत झालं. मुनीमजींना तेवढंच पाहिजे होतं. "काकू, सोताच्या हातानं सोताचा टेबल उचलला तुमी," एकदा जाता जाता म्हणाले. मला राग आला आणि भीतीही वाटली, कारण गोष्ट खरी होती.

दुपारी चहाला मी विषय काढला. काकू म्हणाल्या, "मले टेबलाचं काही नाही रे. मले वर चढाचं हाये."

"कुठं वर?"

"ट्रॉलीवर. ग्रेडर म्हनून."

मी चहाचा घोट गिळायचा विसरलो. ग्रेडर म्हणजे ट्रॉलीवर चढून, कापसात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढणारा माणूस. माल कोणत्या प्रतीचा, ओला की सुका, घ्यायचा की परत पाठवायचा, हे त्याच्या शब्दावर. आमचे जुने ग्रेडर मुलाकडे नाशिकला चालले होते आणि जागा रिकामी होणार होती. पण आमच्या भागात त्या जागी मी कधी बाई पाहिली नव्हती.

"मग शेठना सांगा ना."

"सांगीन. पन मी एकदाच सांगते, तुले माहीत हाये. अन् ते नाही म्हनले त?" असं म्हणून त्या कपातल्या चहाकडे बघत बसल्या. इतक्या वर्षांत काकूंना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

छोट्या शेठच्या डोक्यात मात्र मान करायचं वारं शिरलं होतं. काकू दोन दिवस लेकीकडे गेल्या, तेवढ्यात त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून शेठनी फ्लेक्स करायला टाकला. काकूंचा फोटो आमच्याकडे एकच, ओळखपत्रावरचा. डोक्यावर पदर, चेहरा असा की आत्ताच कोणीतरी दोनदा भाव विचारलाय. फ्लेक्सवाल्यानं त्याच्या मागे निळं आभाळ टाकलं, पांढरे ढग टाकले, एका कोपऱ्यात समई लावली. खाली शेठनी लिहून दिलेला मजकूर: "काकूंच्या कार्यास सलाम. त्यांनी सुरू केलेले काम यापुढे आपोआप चालत राहील." फ्लेक्स गेटवर लागला. त्यावर आमच्या वॉचमननं, कोणी सांगितलं नसताना, हौसेनं झेंडूचा हार घातला.

झालं! हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीतून माणसं बघत होती. तासाभरात बातमी मलकापुरातून नांदुऱ्याला आणि तिथून वडनेर भोलजीला, काकूंच्या माहेरी. शेतकरी टोप्या काढून गेटसमोर उभे. काहींनी खात्री करायला फोन लावला तर फोनवर काकूच! "कापूस ओला असन त काहीच दाबू नका." एका म्हाताऱ्या बाबांनी तर घाबरून हातातला फोनच फेकला. छोटे शेठ गच्चीवरून ओरडत होते, "अहो अभिनंदनाचा आहे तो, अभिनंदनाचा!" पण हार घातलेल्या फोटोपुढे त्यांचं कोण ऐकणार?

तेवढ्यात काकूंचा धाकटा भाऊ रमेश मोटारसायकलवरून आला आणि गेटसमोर मटकन बसून रडायलाच लागला. कोणी काही सांगायच्या आत समोर एसटी थांबली आणि हातात पिशवी घेऊन काकू उतरल्या. गर्दी बघून घाईघाईनं पुढे आल्या.

"काय झालं? कोन गेलं?"

रमेशनं वर पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, परत काकूंकडे पाहिलं. "बाई! तू?"

"हाव, मीच. जित्ती हाये मी. रडून काऊन राह्यला बे?" असं म्हणेपर्यंत त्याचं रडणं दुप्पट झालं होतं. मग काकूंनी फ्लेक्स वाचला. सगळा वाचला, सावकाश. मला वाटलं आता शेठची काही खैर नाही. पण त्या गेटच्या पायरीवर टेकल्या आणि पोट धरून हसायला लागल्या, हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. जमलेले लोकही हसायला लागले. त्यातल्या एकानं पुढे होऊन त्यांच्या पायाला हात लावला, तेव्हा मात्र त्यांनी पटकन पाय मागे घेतले.

लोक जमलेच होते, तर शेठनी तिथेच कार्यक्रम उरकला. माइक आला. शेठ काकूंच्या कामाबद्दल मनापासून बोलले, त्यांना बघून आणखी चौघांनी शिकायला नाव दिलं हेही सांगितलं. शेवटी मोठ्या प्रेमानं म्हणाले, "काकूंनी आयुष्यभर कष्ट केले. आता फोन आपोआप चालतो. आता काकूंना आराम!"

टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. काकूंचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. शेठनी माइक पुढे केला, "काकू, दोन शब्द बोला."

काकूंनी माइक घेतला. "आराम कोनी मांगतला तुमाले?" त्या म्हणाल्या. "फोनले कामाले लावलं ते घरी बसाले नाही, हात मोकळे व्हावे म्हनून लावलं. ग्रेडरची जागा खाली होऊन राह्यली. कापूस मले समजते. मले ट्रॉलीवर चढू द्या. एकदाच सांगून राह्यली, पुन्हा नाही सांगनार."

मुनीमजी हळूच म्हणाले, "बाईमानूस कुठं ट्रॉलीवर..." तर तोच फोन फेकणारा म्हातारा बाबा मागून ओरडला, "चढू द्या ना! फोनवरून वयखते ते कापूस, हातात घेतल्यावर काय चुकन?" मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. शेठनी लोकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्यांचे. "काकू, हे मला आधी सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "सोमवारपासून चढा."

सोमवारी काकूंनी पदर खोचला, पायात मुलाचे जुने बूट घातले आणि शिडी लावून चढल्या. आणि योगायोग असा, की सकाळच्या रांगेत रमेशची ट्रॉली होती. काकूंनी वरचा कापूस बाजूला सारून खोल हात घातला, मूठभर काढला, दाबला, गालाला लावला.

"ओला हाये. बाजूला घे."

"बाई, अवं परवा तुह्यासाठी किती रडलो मी!"

"मंग रडून ओला झाला का कापूस? घे बाजूला, वाळव. पुढची ट्रॉली येऊ दे."

अख्खी रांग हसली. रमेशनं मुकाट्यानं ट्रॉली आवाराच्या कडेला नेली आणि उन्हात ताडपत्री पसरली. जेवणाच्या सुट्टीत काकू भाकरी न खाताच तिकडे गेल्या आणि भावाबरोबर वाकून कापूस पसरत बसल्या. सुट्टी संपली तशा पुन्हा वर.

ती जिनिंग सोडून मी आता नांदुऱ्याला दुकान टाकलंय. काकूंची आठवण निघाली की फ्लेक्सची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्या सोमवारचा रमेश आठवतो. त्याचा माल अडला होता, अख्खा दिवस वाया गेला होता, आणि तरी तो रांगेतल्या एकेका ट्रॅक्टरवाल्याजवळ जाऊन वर बोट दाखवत होता. "ते वर उभी हाये ना, ते बहीन हाये माही. मलेबी नाही सोडलं तिनं!"