शास्त्रीणबाईंचा नवरा जिवंत होता

शास्त्रीणबाई रस्त्यानं चालताना खाली बघत नसत. त्यामुळं त्यांना सारख्या ठेचा लागत आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असे. एकदा हळद लावता लावता आमची आई म्हणाली, "बाई, जरा खाली बघून चालत जावा." त्यावर त्या म्हणाल्या, "अंगठा चार दिवसांत बरा होतो. मान एकदा खाली गेली की वर काढायला लई दिवस लागतात. म्या काढलीय, मला म्हाईत हाय."

त्यांचं खरं नाव शलोमीबाई. जालन्याला मिशनच्या कंपाउंडात आमच्या शेजारच्या खोलीत त्या आणि त्यांची मुलगी एस्तेर राहायच्या. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. एस्तेर माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. काखेत शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन खेडोपाडी जायचं, ओसरीवर नाहीतर विहिरीपाशी बायका जमवायच्या आणि त्यांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, हे बाईंचं काम. बाजारातल्या मारवाडी घरांमधल्या बायकांनी थट्टेनं त्यांना शास्त्रीणबाई म्हणायला सुरुवात केली. बाईंना ते नाव आवडलं आणि त्यांनी ते ठेवूनच घेतलं.

बाईंचा नवरा, दावीद मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवायचा. एस्तेर तान्ही असताना तो हैदराबादला गेला आणि तिथं त्यानं दुसरा घरोबा केला. त्यानंतर बाई किती तरी दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका यायच्या, गुडघे टेकायच्या आणि "प्रभू, हिला क्षमा कर" अशी प्रार्थना करून जायच्या. हे सांगताना बाईंना हसू यायचं. "म्या पडल्या पडल्या इचार करून राह्यल्ते, क्षमा कशाची? पळाला तो. मंग म्या देवालाच इचारलं. म्हटलं, तू तर सगळं बघितलंस. माझ्यात काही खोट हाय का? तर असं वाटलं, तो माझ्याकडं बघून राह्यला. काही बोलला न्हाई. लेकराकडं बघावं तसा नुसता बघून राह्यला. मंग उठले, तोंड धुतलं, एस्तेरला पाजलं. त्या दिवसापासून 'मी कशी हाय' हे दुसऱ्या कुणाला इचारावं वाटलं न्हाई."

एस्तेर मात्र वेगळी होती. सुट्टीत ती कधीकधी आईबरोबर गावोगाव जायची. एकदा भोकरदनच्या वाटेवर एका गावात पारावर बसलेली काही तरणी पोरं ओरडली, "बाटगी आली रे, बाटगी." एस्तेर झपाझप पुढं निघाली, पण बाई वळून थेट पारापाशी गेल्या. "हां, मीच ती. काय काम हाय?" पोरांना काम काहीच नव्हतं. "मंग पाणी तरी पाजा, उन्हातून आले," असं म्हणून बाई तिथंच टेकल्या. शेवटी त्यांतला एक जण उठून पाणी घेऊन आला. घरी आल्यावर एस्तेर मला म्हणाली, "आईला काही म्हणजे काही वाटत न्हाई. तिच्या वाटचं सगळं मला वाटतं."

हैदराबाद संस्थान जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एस्तेरला नगरकडचं एक स्थळ आलं. मुलगा मास्तर होता आणि घराणं तिकडच्या मंडळीत मानाचं. त्यांना एस्तेर पसंत पडली, पण मुलाच्या वडलांनी तिच्या बापाची चौकशी सुरू केली. तेव्हा आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आणि मंडळीचे मोठे पंच बाईंच्या खोलीवर आले. दोन खोल्यांमध्ये पत्र्याची आडभिंत होती, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तो मेल्यातच जमा आहे," पंच म्हणाले. "वारला असं सांगू. विधवेच्या मुलीला कुणी नावं ठेवत नाही."

"तो जिता हाय."

"तुमच्यासाठी तर मेलाच ना?"

"माझ्यासाठी मेला असंल, देवासाठी न्हाई मेला. अन् म्या विधवा न्हाई. म्या टाकलेली हाय."

"असं स्वतःच्या तोंडानं म्हणायला लाज वाटत नाही?"

"टाकलं त्यानं. लाज त्याच्यापाशी हाय का, ते जाऊन बघा."

संध्याकाळी एस्तेरनं आईचे पाय धरले. "एक शब्द बोलायचा, आई. तोबी तुला न्हाई बोलायचा, पाळकसाहेब बोलतील. तू नुसती गप बस." बाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. एस्तेरला तो होकार वाटला आणि तिनं तसं पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं.

रविवारच्या उपासनेत देवळात लग्नाची पुकार, म्हणजे ठरलेल्या लग्नाची जाहीर घोषणा, व्हायची होती. मुलाचे वडील आणि चुलते मुद्दाम आले होते. एस्तेर माझ्या शेजारी चटईवर बसली होती. पाळकसाहेबांनी वाचायला सुरुवात केली, "प्रभुवासी दावीद मास्तर यांची कन्या एस्तेर..."

बाई उठून उभ्या राहिल्या. आमच्या देवळात बायका फक्त गाण्यासाठी उभ्या राहायच्या.

"पाळकसाहेब, माझा नवरा मेला न्हाई. तेवढं दुरुस्त करा."

"बाई, खाली बसा."

"बसते. आधी दुरुस्त करा. देवाच्या घरात हाव आपण."

"मग काय वाचू?" पाळकसाहेब पुरते गोंधळले होते.

"म्या वाढवली तिला. माझं नाव वाचा."

पाळकसाहेबांनी एकदा पंचांकडं बघितलं, एकदा पाहुण्यांकडं बघितलं आणि हळू आवाजात वाचलं, "शलोमीबाई यांची कन्या एस्तेर." बाई "आमेन" म्हणाल्या आणि खाली बसल्या. एस्तेरनं माझा हात इतका आवळला होता की माझ्या बांगड्या रुतल्या.

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. लग्न मोडलं. एस्तेर आपली वळकटी घेऊन आमच्या खोलीत आली. आईशी ती बोलेनाशी झाली. बाई रोज पत्र्यापलीकडून विचारायच्या, "एस्तेर, जेवली का?" ती उत्तर द्यायची नाही, मग आमची आई सांगायची, "जेवली."

काही दिवसांनी पंचांनी निरोप धाडला की बाईंनी मंडळीपुढं माफी मागावी, नाहीतर काम आणि खोली दोन्ही सोडावं. बाईंनी खोली झाडून सारवून घेतली आणि किल्ली पंचांच्या हातात दिली. "माफी चुकीची असते, साहेब. देवळात खोटं वाचलं ते म्या न्हाई." घनसावंगीकडच्या एका गावात काही ख्रिस्ती घरं होती. तिथल्या बायका त्यांना कधीपासून राहायला बोलवत होत्या.

मग पंचांनी एस्तेरला बोलावून घेतलं. तिनं पाळकसाहेबांच्या घरी राहावं, दुसरं चांगलं स्थळ ते स्वतः बघतील. फक्त आई चुकली, एवढं तिनं मंडळीपुढं उभं राहून म्हणावं. एस्तेर परत आली ती संतापून. "आईवर रागवायचा हक्क माझा हाय," ती मला म्हणाली. "ह्यांचा न्हाई." पण आईकडं ती तरीही गेली नाही.

बाई निघाल्या त्या दिवशी अंबडच्या बसपाशी मंडळीतलं कुणी आलं नाही. वडलांनी नको म्हटलं तरी आमची आई भाकरी बांधून घेऊन आली होती, तिच्याबरोबर मी. बाईंची पेटी वर चढली. त्या आत जाऊन बसल्या आणि आमच्याशी खिडकीतून बोलू लागल्या. अंबडला उतरून पुढं बैलगाडी मिळेल, तिथली विहीर गोड्या पाण्याची आहे, असलं काहीबाही. एस्तेरचं नाव त्यांनी काढलं नाही.

बसचं इंजिन सुरू झालं आणि एस्तेर धावत आली. तिच्या काखेत वळकटी होती. कुणाकडं न बघता ती आत चढली आणि आईच्या बाकापाशी उभी राहिली. मी खिडकीच्या खालीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मला अजून राग हाय," एस्तेर म्हणाली.

"असू दे," बाई सरकत म्हणाल्या. "तू खिडकीशी बस. तुला बसमधी मळमळतं."