हार्लनने कापलेली स्प्रिंग

हार्लन व्रूबेलने आयुष्यभर कबुतरं मारली, पण हौस म्हणून नव्हे. आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये कबुतरं गोठ्यात शिरतात, चाऱ्यावर हगतात आणि गाई आजारी पडतात. आत दारूची बंदूक चालवली तर पत्र्याला भोकं पडतात, शिवाय आवाजाने गाई बिथरतात. म्हणून स्प्रिंगची एअर रायफल, आणि म्हणूनच हार्लन. त्याने चापावर बोट दाबलं तरी शेजारची गाय रवंथ थांबवत नसे. ही बढाई तो चर्चच्या पायरीवर उभा राहूनही मारायचा आणि लोक बापडे ऐकून घ्यायचे.

त्या रायफलच्या नळीखाली लांब दांडी होती. प्रत्येक छर्ऱ्याआधी ती खाली ओढून आतली जाड स्प्रिंग दाबायची, म्हणजे वीस किलोचा जोर लावायचा. तिशीत तो दिवसाला दोनशे वेळा ती ओढत असे. एकाहत्तराव्या वर्षी उजव्या खांद्याने हात टेकले. दहाव्या छर्ऱ्याला हात थरथरायचा, बाराव्याला डोळ्यांत पाणी यायचं.

एकेक गोठा सुटत गेला. टाकीतल्या हवेवर चालणाऱ्या नव्या रायफली घेऊन दुसरे लोक आले. त्यांना ओढाओढी नाही, आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. हार्लनकडे उरला फक्त डीन टॉरगर्सनचा गोठा, तोही डीनच्या बापाशी जुनी दोस्ती होती म्हणून.

"हाही गेला तर सकाळी उठायचं कशाला?" तो बायकोला म्हणाला.

"मग घे ना तूपण ती टाकीवाली," मार्डेल म्हणाली.

"हवा भरून आणायची? ती बंदूक आहे की सायकल?"

"खांदा गेला, पण तोरा काही जात नाही तुझा."

हार्लनने स्प्रिंग बाहेर काढली आणि तिचे अडीच वेढे कापून टाकले. दांडी आता सहज खाली येऊ लागली. तो दिवसभर खुशीत होता. पण छर्ऱ्यातला दम गेला होता. कबुतरं मरेनात, नुसती जखमी होऊन खाली पडू लागली.

"हार्लन, काल एक चाऱ्यात तडफडत होतं," डीन म्हणाला. "बाबा असते तर तुम्हाला काही बोलले नसते. पण या गुरुवारी जमलं नाही, तर मला दुसऱ्या कुणाला बोलवावं लागेल."

मग हार्लनने ते केलं, जे करू नये हे स्प्रिंगवाल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि तरी प्रत्येकाने एकदा केलेलं असतं. त्याने रायफलच्या स्प्रिंग बसते त्या नळकांड्यात तेल सोडलं. दाबलेल्या हवेत तेल पेट घेतं आणि छर्रा जोरात सुटतो. आवाजही होतो, पण एका थेंबाने कितीसा होणार, असं त्याने स्वतःला समजावलं. हात कापत होता. किती थेंब पडले ते त्याला कळलंच नाही.

गुरुवारी दुपारी, दोन धारांच्या मधल्या वेळात, त्याने तुळईवरच्या कबुतरावर नेम धरला. धाडकन आवाज झाला. गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या सगळ्या गाई एकदम पळत सुटल्या. ओल्या सिमेंटवर एक पहिलारू गाय घसरली, तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ती पुन्हा उठलीच नाही.

डीन धावत आला. त्याने गुडघे टेकून तिची कंबर चाचपली. हाड निखळलं होतं.

"काय होतं ते?"

"तेल."

"किती घातलं होतं?"

"माहीत नाही रे."

डीन घरातून दारूची बंदूक घेऊन आला. "हिला आधी बाहेर ओढायला हवी," तो गड्याला म्हणाला. "आत परत आवाज नको."

"मी धरतो," हार्लनने गाय ओढायच्या पट्ट्याला हात घातला.

"राहू द्या. तुमच्याने व्हायचं नाही."

हार्लन बाजूला झाला. दोघांनी गाय ओढत बाहेर नेली आणि थोड्या वेळाने बार ऐकू आला. डीन परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं, माफी मागता आली असती, पुढच्या गुरुवारचं काहीतरी बोलता आलं असतं. डीनने रायफल उचलून हार्लनच्या गाडीत नीट ठेवली आणि त्याला बसता यावं म्हणून दार उघडून धरलं.