एका दुपारच्या तीन फेऱ्या

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सोबत काम करणाऱ्या बायांजवळ तर नाहीच. आज सांगते आहे त्याला खास कारण नाही — दडवून दडवून कंटाळा आला, एवढंच समजा.

मी बाभुळगावची. आयुष्य सर्वे करण्यात गेलं. एक संस्था होती, तिला शाळा सुटलेल्या, कामाला जुंपलेल्या, लवकर लग्नं लागणाऱ्या पोरापोरींसाठी काही करायचं होतं. कुठे काय हवं ते आम्ही घरोघर विचारायचं, आणि आमच्या कागदांवरून पैसा कुठे द्यायचा ते वरचे लोक ठरवणार. माझ्या वाट्याला फुलसावंगीकडचा एक बंजारा तांडा आला. फाट्यापासून तासभराची पायपीट.

नियम साधा होता. दाराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं आणि मगच ‘घर बंद’ लिहायचं. आता, दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो हे कोणाला ठाऊक नाही? आणि आम्हाला धाडलं भर पौषात. जिकडे पाहावं तिकडे कुलपं. माझे गुडघे तेव्हा फार दुखायचे — नको, गुडघ्यांचं नाव घेत नाही.

एकच दार उघडं होतं. रविना, असेल पंधराची. आईबाप तोडीवर, दोन लहान भाऊ आणि डोळ्यांनी अधू आजी हिच्या गळ्यात. तिने बाज टाकून दिली, काळा चहा दिला. नववीतून शाळा सुटली होती. तिचं मागणं एकच — तोडीच्या दिवसांत लहान पोरांसाठी तांड्यातच वसतिगृह. “हे दोघं तिथं राह्यले तं मी शाळेत जाईन,” म्हणाली. “सारं नीट लिवजा, ताई.” चार पानं भरली. खाली तिने सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

मग फाट्यावर बसची वाट पाहत बसले आणि — कसं सांगू? त्या एका दुपारच्या मी तीन फेऱ्या केल्या. कागदावर. तीन तारखा टाकल्या. शाई सारखी दिसू नये म्हणून तिसऱ्या तारखेला पेन बदललं. सगळ्या कुलपांपुढे ‘घर बंद’. सगळेच असं करतात का? काही करतात. मी केलं.

पण एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. तपासायला साहेब आले तर उघड्या घरीच विचारणार — ताई किती वेळा आल्या होत्या? रविना खरं तेच सांगणार. सगळाच तांडा बंद असला तर कोण कशाला येतं? मी तिची सही असलेली ती पानं काढली, चार तुकडे केले, पिशवीत कोंबले आणि तिच्याही घरापुढे ‘घर बंद’ लिहिलं. बस आली. खिडकीजवळ जागा मिळाली, मला झोपसुद्धा लागली.

वसतिगृह दुसऱ्या गावाला झालं. तांड्यापुढे ‘गरज नाही’ असा शेरा पडला. पुढे संस्थेने मला नव्या पोरींना शिकवायला बसवलं. तीन फेऱ्या का करायच्या, ते त्यांना मीच समजावून सांगते. ऐकतात बिचाऱ्या.

दोनेक वर्षांनी आर्णीच्या बसस्टँडवर रविना भेटली. मी ओळखलं नव्हतं, तिनेच ओळखलं. कडेवर मूल, सोबत सासू. सर्वेच्या पुढच्याच हंगामात तिलाही तोडीवर नेलं होतं आणि तिकडेच लग्न लावून टाकलं होतं. तक्रार म्हणून नाही, सहजच विचारलं तिने, “तुमी तं सारं लिवलं होतं ना, ताई? मंग काहून नाही झालं?”

“वरून मंजूर नाही झालं, बाई,” मी म्हणाले.

“जाऊ द्या,” ती म्हणाली, माझीच समजूत काढल्यासारखी. “तुमी काय करसान?” आणि सासूकडे वळून सांगायला लागली, “इतक्या दूर पायी आल्त्या ह्या ताई आमच्यासाठी. सारं लिवून नेलं यायनं.”

सासूने मला हात जोडले. मीही जोडले.