एग्बेरेला मराठीत काय म्हणायचं

भाषांतराच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. रोज आठ-दहा माणसं दुसऱ्यांच्या शब्दांशी झटापट करत बसली, की काही ना काही घडतंच. आमचं कर्वेनगरचं ऑफिस बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण जुने लोक भेटलो की बोलणं फिरून एकाच शब्दावर येतं. तो शब्द मराठी नाही. नायजेरियातल्या योरुबा भाषेतला आहे.

तो आमच्याकडे आणला तुंडेनं. तुंडे पुण्यात कॉम्प्युटर शिकायला आला होता, आणि शिक्षण संपल्यावर आमच्याकडे योरुबाचं काम करायला लागला. पाकिटावरचं नाव वाचून कुरिअरवाल्यानं एकदा फोनवर विचारलं, "तुंडे साहेब, बीडकडचे का आपण?"

तुंडेला तोवर मराठी बऱ्यापैकी कळायला लागलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "त्याच्या थोडं पुढचा."

* * *

याच नावावर त्याला जवळच एक फ्लॅटही मिळाला होता. एका दुपारपुरता.

माझ्या शेजारी बसणाऱ्या वैशालीनं घरमालकांना फोन केला. आमच्या ऑफिसातले तुंडे म्हणून आहेत, एकटेच आहेत, निर्व्यसनी आहेत, असं सगळं सांगितलं. मालक खूश झाले, संध्याकाळीच या म्हणाले. दोघं गेले. मालकांनी दार उघडलं, तुंडेकडे पाहिलं आणि वैशालीला म्हणाले, "अहो, आत्ताच दिला."

जिना उतरल्यावर वैशालीला रडू फुटलं. तुंडेनंच तिची समजूत काढून तिला रिक्षात बसवून दिलं. तो मग येरवड्याला एका मित्राच्या खोलीत राहायला लागला आणि रोज दोन बस बदलून यायचा. फ्लॅटबद्दल तो आम्हाला कधीच काही बोलला नाही. वैशालीनं सांगितलं म्हणून कळलं.

* * *

मग एका परदेशी क्लायंटचं काम आलं. मुलांच्या गोष्टींची सीडी, बऱ्याच भाषांत. त्यातली एक गोष्ट योरुबा होती आणि तिच्यात एग्बेरे होतं. रानातलं एक बुटकं भूत, सतत रडणारं. त्या नावातले 'ग' आणि 'ब' एकाच दमात म्हणायचे असतात. आमचे मालक आगाशे सर, त्यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही.

मराठीचं काम माझ्याकडे होतं. मी 'मुंजा' लिहिलं.

प्रुफं तपासायला शनिवार पेठेतून आपटे बाई यायच्या. निवृत्त शिक्षिका, शिस्तीच्या कडक. त्यांनी लाल पेनानं समासात लिहिलं, 'मुंजा रडत नाही. पिंपळावर गप्प बसतो.' मी 'पिशाच्च' केलं. पुन्हा लाल पेन. 'पिशाच्च रडवतं.'

शेवटी बाई स्वतः तुंडेच्या टेबलापाशी गेल्या. "आपलं हे भूत रडतं कशासाठी?"

तुंडेनं गोष्टीची पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, "ते गोष्टीत कुणी विचारत नाही."

बाईंनी शब्द होता तसाच ठेवायला सांगितला.

* * *

तुंडेनं आम्हाला त्या शब्दाचा घरगुती वापरही सांगितला. ऊठसूट रडणाऱ्या मुलाला त्यांच्याकडे एग्बेरे म्हणतात. लहानपणी त्याची आई त्यालाच म्हणायची.

झालं, आम्हाला शब्दच मिळाला. कटकट्या क्लायंटचा मेल आला की एग्बेरे. पगारवाढ मिळाली नाही म्हणून कुणी तोंड पाडलं की एग्बेरे. आगाशे सर भाड्याबद्दल कुरकुरले, तरी त्यांच्या पाठीमागे एग्बेरे.

पुढे मंदी आली. परदेशातली कामं थांबली. एका सोमवारी आगाशे सरांनी एकेकाला केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली. तिसरी वैशाली. दहा मिनिटांनी ती डोळे पुसत बाहेर आली आणि ड्रॉवर रिकामा करायला लागली. कुणीतरी सवयीनं हळूच म्हणालं, "एग्बेरे."

कुणीतरी कशाला, मीच म्हणाले.

तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, डबा पिशवीत टाकला आणि गेली. मी नंतर दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिच्या आईनं उचलला आणि वैशाली घरात नाही म्हणून सांगितलं. मागून वैशालीचाच आवाज येत होता. दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

त्या दिवसापासून ऑफिसात तो शब्द बंद झाला.

* * *

त्यानंतर काही महिन्यांनी तुंडेची आई गेली. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी त्याचा पासपोर्ट जमा होता, त्यामुळे त्याला जाता आलं नाही. तिकडे दफन होतं त्या दिवशीही तो नेहमीच्या वेळेला कामावर आला. आगाशे सरांनी घरी जायला सांगितलं. खोलीवर कुणी नाही, म्हणाला, इथंच बरं आहे.

दुपारी आपटे बाई प्रुफं घेऊन त्याच्या शेजारच्या टेबलावर बसल्या होत्या. तो आपणहूनच त्यांना आईबद्दल सांगायला लागला. ती एग्बेरेची गोष्ट सांगायची, ती सीडीतल्यापेक्षा मोठी होती. तिच्यातल्या एग्बेरेकडे एक चटई असते. ती ज्याला मिळेल त्याचं भाग्य उजळतं. पण एग्बेरे त्याच्या मागे मागे रडत फिरतं, आणि ते रडणं कुणालाच फार वेळ ऐकवत नाही. लोक कंटाळून चटई परत देऊन टाकतात.

एवढं सांगून झालं आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. आगाशे सर बाकीच्यांना घेऊन चहाला खाली गेले. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थबकले.

आपटे बाई म्हणजे कुणाचा फोन दोनदा वाजला तरी प्रुफं मिटून घरी निघणारी बाई. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"आपण रडा," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."