मंडईतली इंग्रजी नांदी

चंद्रपूरच्या बसस्थानकावर गडचिरोलीची गाडी लागली तेव्हा माझ्या खांद्यावर दोन पिशव्या होत्या. एकीत मामीसाठी साडी, दुसरीत फिरोजची कॅसेट. साडीची मला काळजी नव्हती.

फिरोज माझा वर्गमित्र. त्याच्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान असल्यामुळे जगभरचे आवाज त्याच्या घरी येत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या कानांना भजनं आणि नाटकातली पदं एवढंच ठाऊक. ही कॅसेट प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे ताल बदलत जाणाऱ्या लांबलचक इंग्रजी गाण्यांची होती. कुठल्याशा थंड देशातल्या पोरांनी नुकताच केलेला अल्बम, पण वाद्यं आणि ढंग त्यांच्या बापांच्या तरुणपणातला. पहिली अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं.

"ऐकून ये अन् सांग कशी वाटली," फिरोज म्हणाला होता. "नाई आवडली तरी चालते यार. पन माह्याच गोष्टी मले परत नको सांगू."

मी नेमकं तेच करायचो. शहरात मिळालेला हा पहिला मित्र. तो बोलायचा, मी मान हलवायचो. या वेळी स्वतःचं एक तरी वाक्य घेऊन परतायचं, असं ठरवून मी त्याचाच वॉकमन कानाला लावला.

मूल गावापर्यंत गाणं दौडत होतं. सावली गावाच्या पुढे ते संथ झालं. गायक विहिरीत उतरत असावा तसा आवाज खाली खाली गेला आणि वैनगंगेच्या पुलावर तो चक्क म्हशीसारखा रेकला. मला फार आवडलं. 'किती धाडसी कल्पना,' असं वाक्यही मी मनात जुळवलं. तेवढ्यात वॉकमन बंद पडला. सेल संपत आले होते, इतकंच. माझं वाक्य नदीत गेलं. गडचिरोलीला गाडी बदलली, आरमोरीला नवे सेल घेतले, ते जुन्यांहून जुने निघाले.

कुरखेड्याला उतरून मामाच्या गावाकडे चालत निघालो. शेतातल्या बांध्यांमध्ये कापलेलं धान वाळत पडलं होतं. गावात मंडई (दिवाळीनंतर भरणारी जत्रा) होती आणि रात्री नाटक. मामीनं तळ्यातले झिंगे (बारीक कोळंबी) वांग्यात घालून वाढले. मी तीनदा भात घेतला, पण मन पिशवीत होतं.

सांज होता होता मी नाटकाच्या मांडवात गेलो. लाउडस्पीकरवाले दौलतभाऊ वायरी जोडत होते. त्यांच्याकडे टेप होता.

"भाऊ, एक कॅसेट लावता का? इंग्रजी आहे," मी चाचरत विचारलं.

"मले टेस्टिंगच कराची हाय. इंग्रजी काय अन् तेलुगू काय, दे इकडं."

कर्ण्यातून ऑर्गनचे लांबलचक सूर निघाले आणि तळ्याच्या पाळीपर्यंत गेले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर माणसं बसत होती.

आमच्या झाडीपट्टीत कर्ण्यावर ऑर्गन वाजला की नाटक उभं राहिलं, हे लेकरालाही कळतं. ऐकणारा घरात थांबत नाही. बोरा (पोतं) बगलेत मारून जागा धरायला धावतो. बोरे अंथरले जात होते. चुलीवरचं तसंच टाकून मामीही आली, हातात पळी.

"एवढ्या लवकर काऊन सुरू केलं?" कोणीतरी विचारलं.

"कंपनीले दुसऱ्या गावी जाचं असन."

मी दौलतभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाहू नको. आता बंद केलं तं मले मारतीन."

तेवढ्यात नाटक कंपनीचे ऑर्गनवाले गुरुजी धापा टाकत आले. "माह्या पेटीवर कोन बसला?" त्यांनी पडदा उचलून पाहिलं. पेटी कुलपात होती. त्यांना हायसं वाटलं आणि ते पहिल्या रांगेत बसले.

गाण्यात ढोल वेडेवाकडे पडू लागले. माझ्यासमोरची एक आजी शेजारणीला म्हणाली, "हा वाजवनारा अडखळून राह्यला वं."

"दारू पेला असन."

"नाई. पाह्य ना, अडखळते पन पडत नाई. मुद्दाम करून राह्यला."

गाणं संपलं. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. पडदा हलेना.

"सांग आता. शिकलेला हायेस," म्हणत दौलतभाऊंनी माईक माझ्या हातात दिला. आयुष्यातला माझा पहिला माईक.

"ना... नाटक रात्रीच हाय. हे नाटक नव्हतं. कॅसेट होती."

"मंग एवढा वेळ बसवलं काऊन?" आजी कडाडली.

"तुमीच बसले, आजी."

मांडव हसला. पण उठला कोणीच नाही. उठणाऱ्याची जागा गेलीच. मामीनं पळी तेवढी एका पोरीबरोबर घरी धाडली. थोड्या वेळानं आजीच म्हणाली, "बसलोच हाओ तं दुसरी बाजू लाव ना, पोट्ट्या!"

दुसरी बाजूही सगळ्या गावानं ऐकली.

चंद्रपूरला परतलो तेव्हा फिरोज दुकानातच होता. "बोल. कशी वाटली?"

परतीच्या गाडीत मी बरीच जड वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात येईना. म्हणालो, "ढोलवाला अडखळते, पन पडत नाई."

फिरोजनं हातातला पेचकस खाली ठेवला. "हे तुहं हाय?"

"नाई. एका आजीचं हाय. पन ते ऐकल्यावर मले ते गानं आवडलं. हे माहं."

मग मी त्याला बोऱ्यांपासून पळीपर्यंत सगळं सांगितलं. पहिल्यांदाच मी बोलत होतो आणि तो मान हलवत होता. इतक्या दूर काही शोधायला जावं आणि ते आपल्याच मांडवात बोरा टाकून बसलेलं असावं, हे त्याला समजावताना मलाही समजलं.

"पुढच्या मंडईले मीबी येतो," फिरोज म्हणाला. "सेल किती आनू?"

"सेल नको," मी म्हणालो. "बोरा आन. अन् लवकर ये, जागा राह्यत नाई."